एक रुपया म्हणजे एक डॉलर? १९४७ सालीही नव्हता

दर पंधरा ऑगस्टला एक मेसेज फिरतो: स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशावर कर्ज नव्हतं, म्हणून एक रुपया बरोबर एक डॉलर होता. हे खरं नाही.

तेव्हा रुपयाचा दर डॉलरशी थेट ठरतच नसे. तो ब्रिटिश पौंडाला बांधलेला होता, एका रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स (शिलिंगात १२ पेन्स). पौंडात २४० पेन्स, म्हणजे पौंडाला साधारण १३.३३ रुपये. आणि पौंड होता ४.०३ डॉलरचा. भागाकार करून बघा, डॉलरला सुमारे ३.३१ रुपये येतात.

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड २.८० डॉलरवर आणला. रुपयाही त्याच्याबरोबर उतरला आणि डॉलर ४.७६ रुपयांचा झाला. जून १९६६ च्या अवमूल्यनानंतर तो ७.५० वर गेला.

कर्ज नाही म्हणून दोन चलनं समान, हा तर्कच मुळात लंगडा आहे. उलट तेव्हा ब्रिटनच भारताचं देणं लागत होता. युद्धकाळातली मोठी स्टर्लिंग शिल्लक, म्हणजे भारताची पौंडातली येणी, लंडनमध्ये पडून होती. तरी रुपया डॉलरच्या बरोबरीला आला नाही.

याच मेसेजचा थोरला भाऊ म्हणतो, १९१७ साली एका रुपयाला १३ डॉलर मिळत. तेव्हाही डॉलरला तीनेक रुपये पडत. हा तेराचा आकडा बहुधा पौंडाच्या भावातून उचलून उलटा चिकटवलेला असावा.