बाळाच्या लसीसोबत आईलाही लस द्या

तालुक्याच्या गावी बाळंतपणं करणारी डॉक्टर म्हणून लिहिते आहे. पोस्ट मोठी आहे, पण माझ्या व्यवसायबंधूंनी आणि सिस्टर-आशाताईंनी ती वाचावीच.

आमच्याकडे येणारी पहिलटकरीण बहुतेकदा विशी-बाविशीतली. गरोदरपणात ती नियमित येते, बाळाच्या गोवर-रुबेलाच्या लसीपर्यंत येत राहते आणि मग दवाखान्याशी तिचा संबंध तुटतो. त्यातल्या काही जणी थेट पन्नाशीच्या आसपास येतात, अंगावरून जातंय म्हणून. तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर इतका पुढे गेलेला असतो की नागपूरची चिठ्ठी लिहिण्यापलीकडे माझ्या हातात फारसं काही उरत नाही. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो.

म्हणून हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस मी बाळंतिणींना सुचवते. यावर सहकाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, लग्न झालं, मूल झालं, आता काय उपयोग? लसीचा सर्वाधिक फायदा ९ ते १४ वर्षांच्या मुलींना होतो, आणि सरकारचा पहिला पैसा त्यांच्यावरच खर्च व्हावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. झालेला संसर्ग लस बरा करत नाही, हेही खरं. पण कॅन्सर करणारे या विषाणूचे प्रकार अनेक आहेत, आणि विशीतल्या बाईला ते सगळेच गाठून गेलेले असतात असं नाही. सीरम कंपनीची सर्वाव्हॅक ही एचपीव्हीची लस २६ वर्षांपर्यंत देता येते. गरोदरपणात देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते.

‘तिशीनंतर या कॅन्सरची तपासणी करूच की’ असंही सहकारी म्हणतात. तपासणी हवीच, लस घेतली तरी हवी. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) तिशी ते पन्नाशीच्या बायकांमध्ये ही तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनसुद्धा निघाल्या नाहीत.

खरी अडचण वेगळीच आहे. एक आशाताई मला म्हणाली, “मॅडम, हा रोग संबंधातून होते हे सासूसमोर कसं सांगू? म्हनतीन, आमच्या पोराले नावं ठेवते!” तिची भीती रास्त आहे, कारण उद्या त्याच घरात तिला जायचं असतं. पण हा विषाणू इतका सर्रास आहे की संसार करणाऱ्या बहुतेकांना तो कधी ना कधी लागतो आणि बहुतेकांचा आपोआप जातो. कुणाच्या चारित्र्याचा इथे प्रश्नच नाही. हे आम्ही डॉक्टरांनी आठव्या महिन्याच्या तपासणीत, सासूलाही बसवून, सरळ सांगायला हवं. आशाताईवर ढकलू नये.

बाळंतपणाच्या खाटेवर मात्र हा विषय काढू नका. कळा देऊन थकलेली बाई कशालाही मान डोलावते. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात २००९-१० साली मुलींना एचपीव्हीची लस देताना कित्येक ठिकाणी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या संमती म्हणून चालवल्या गेल्या. लस घेतलेल्या काही मुलींचे मृत्यू झाले; पुढे चौकशीत ते लसीमुळे नसल्याचं निघालं, तरी लोकांचा विश्वास गेला तो गेलाच.

आईचे तीन डोस कसे बसवायचे? बाळ दीड महिन्याचं झालं की पेंटाव्हॅलंट लसीला येतं, तेव्हा आईचा पहिला. बाळाच्या चौदाव्या आठवड्याला दुसरा. नवव्या महिन्याला, गोवर-रुबेलाच्या वेळी, तिसरा. तो थोडा उशिरा झाला तरी चालतो. वेगळी चक्कर नको, वेगळी मजुरी बुडायला नको. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि पुढचे डोस सासरच्या गावी येतात, म्हणून नोंद बाळाच्याच कार्डावर, ठळक अक्षरात करा.

आणि पैसे. बाजारात एका डोसला दोन हजारांच्या आसपास लागतात, म्हणजे तिन्हींचे सहा हजार. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेतून मिळतात ५०००. कापूस वेचणाऱ्या बाईला मी कुठल्या तोंडाने सांगू? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एकविशीपुढच्यांना दोन डोस आणि त्याखालच्यांना एक डोससुद्धा चालेल असं म्हटलं आहे. आपल्याकडे तसं ठरलं तर खर्च सहा हजारांवरून चार हजारांवर, आणि एकविशीखालच्यांसाठी दोन हजारांवर येईल. तोवर चंद्रपूर-यवतमाळसारख्या खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणवाल्यांकडून जिल्ह्यासाठी जमा होणारा निधी आहे, आणि आरोग्यावर तो खर्च करता येतो. त्या निधीच्या येत्या आराखड्यात बाळंतिणींच्या लसीसाठी वेगळी तरतूद करा, अशी मागणी मी लेखी देणार आहे. ज्या डॉक्टरांना आणि सिस्टरना सही करायची असेल त्यांनी मला मेसेज करा.