प्रश्न बंगल्याचा नाही, गच्चीचा आहे
‘सौर सबसिडीचा मलिदा बंगलेवालेच खातात’ हे तुमच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायला केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात आणि १० किलोवॅट बसवले तरी तेवढेच, म्हणजे मोठ्या बंगल्याला काही जास्त नाही. अडतं ते गच्ची कोणाची इथे. आम्ही नागपूरच्या मनीषनगरात, सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. वर सगळ्यांच्या टाक्या, डिश आणि उन्हाळ्यात कुरड्या-पापड. सभेत पॅनेलचा विषय निघाला की वाळवणाचं काय, हा पहिला प्रश्न! सोसायटीला लिफ्ट-पंपासाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात, पण त्यानं माझ्या दोन कूलरचं बिल उतरत नाही. भाडेकरूचं तर नावच काढू नका.

मानेवाड्याला भावाचं स्वतःचं घर आहे, त्यानं ३ किलोवॅट बसवले. पैसे आधी सगळे भरले, सबसिडी मागून खात्यात आली. ४५ अंशांच्या उन्हात इतकी वीज बनेल की मीटर नुसतं उलटं पळेल, अशी त्याची समजूत. पॅनेल फार तापलं की वीज कमी बनते, हे विकणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. आता वहिनी रोज पहाटे पाइप घेऊन पॅनेलवरची धूळ धुते, तेही नळाला पाणी असलं तर.