लाथ मारीन तिथे आवाज काढीन

गिटारवाल्यांची एक चमत्कारिक रीत आहे. हजारो रुपये मोजून नाजूक इलेक्ट्रॉनिक वस्तू आणायची, जमिनीवर मांडायची आणि तिच्यावर पाय द्यायचा. गिटारचा आवाज बदलणाऱ्या या वस्तूला इफेक्ट पेडल म्हणतात. आमच्या घरी वाद्याला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात. त्यामुळे मी सरावाला बसलो की आई दारातूनच म्हणते, "अरे, निदान चपला तरी काढ!"

ही वस्तू तुडवली जाणार हे ओळखून बॉस कंपनीने 1977 साली आपली छोटी पेडलं ओतीव धातूच्या खोक्यात घातली. ती आजही स्टेजवर लाथा खाताना दिसतात. पुढे स्वस्ताईच्या नादात काही कंपन्यांनी हेच काम प्लास्टिकवर सोपवलं. माझं डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे आवाज खरखरीत करणारं, त्यातलंच. आवाज झकास, अंग साबणाच्या डबीचं. बरं, प्लास्टिक रेडिओलहरी अडवत नाही. गेन, म्हणजे आवाज किती फुगवायचा ते बटण, पूर्ण फिरवलं की माझ्या सोलोच्या मागून आकाशवाणी पुणे, 792 किलोहर्ट्झ. एकदा मी तार ताणून धरलेली असताना आतून कांद्याचे बाजारभाव आले. शेवटी डबीला उभी चीर गेली आणि मी ठरवलं, याला नवं घर द्यायचं. ॲल्युमिनियमचं.

यासाठी कॅनडाच्या हॅमंड कंपनीचे डबे जगभर प्रमाण मानले जातात. 1590B म्हणजे साधारण 112 गुणिले 60 मिलिमीटर, उंची 31. माझं सर्किट बोर्ड 70 रुंद. म्हणजे 94 रुंदीचा 1590BB हवा. एवढं मोठं घर मिळाल्यावर सगळं ऐसपैस बसेल असं वाटतं ना? नाही बसत. जुने पॉट, म्हणजे फिरवायच्या बटणांखालचे भाग, थेट बोर्डावर डाग दिलेले असतात. ते उपटून, तारा जोडून डब्याला लावायचे. ते उपटताना बोर्डावरची तांब्याची पट्टी सुटू नये म्हणून श्वास रोखून बसावं लागतं. आणि बरोबर त्याच क्षणी घरच्यांना "गॅस बुक केलास का?" हे विचारायचं असतं.

मग फुटस्विच. माझ्या पेडलमधला स्विच स्वतः आवाज चालू-बंद करत नाही. तो फक्त एक क्षणभर टोचतो. आतले दोन ट्रान्झिस्टर ती टोचणी ओळखून आपली पाळी बदलतात, एक जागा होतो, दुसरा झोपतो. तिथे नेहमीचा खटक्याचा स्विच लावला तर दर दुसरी लाथ फुकट जाते. हे सगळं मी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानदाराला पोटतिडकीने समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, बेलचं बटण द्या म्हणा की!"

सगळ्यात संतापजनक गोष्ट म्हणजे त्याचं तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होतं. तरी मी पायाने दाबायचं दणकट पुश-टू-ऑनच मागितलं, म्हणजे दाबलं तेवढाच वेळ चालू राहणारं. "पायाने?" म्हणून त्याने आईसारखंच माझ्याकडे पाहिलं.

भोकं पाडायला कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्या मिस्त्रींकडे गेलो. पॉटला 7 मिलिमीटर, गिटारची वायर खुपसायच्या जॅकला साडेनऊ, फुटस्विचला 12. कागदावर आखून, पंच मारून नेलं होतं. मिस्त्रींनी डबा उलटसुलट केला. "यापेक्षा पत्र्याचा स्विचबोर्ड घ्यायचा ना भाऊ, त्याला भोकं तयार असतात." मग स्टेप ड्रिल लावलं, दोन थेंब तेल सोडलं आणि चंदेरी कीस वेटोळे घेत बाहेर पडायला लागला. पहिलं भोक असं गोल आलं की दोघंही काही बोललो नाही. भोकाच्या कडेला राहिलेली धारदार कोर त्यांनी कानशीने इतक्या मायेने काढली की पैसे विचारायचा धीर होईना. तो धीर त्यांनी केला.

जुळणी करताना शेवटची भानगड. बोर्डाच्या मागचे डाग धातूच्या झाकणाला टेकले की शॉर्ट. मध्ये जाड पुठ्ठा हवा. घरात भरपूर असलेला एकमेव जाड पुठ्ठा म्हणजे लग्नपत्रिका. आता माझ्या पेडलच्या पोटात 'श्री गजानन प्रसन्न' आहे आणि त्याखाली आग्रहाचं निमंत्रण. आईला हे कळल्यापासून तिचा पायाबद्दलचा आक्षेप दुप्पट झालाय.

पेडल उत्तम चाललं. डबा अर्थ झाल्यावर बाजारभावही बंद पडले. बँडमधल्या मित्राने लक्ष देऊन ऐकलं आणि निकाल दिला, "आवाज तर तसाच आहे रे." अरे, तसाच राहावा म्हणूनच तर केलं हे सगळं! पण हौसेपोटी त्याची बाजारातली किंमत काढली, तर घर बदललेलं पेडल निम्म्यावर येतं. लोकांना मूळ खोकं हवं असतं.

मागच्या आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडे याच मॉडेलचं सर्किट आहे, खोकं नाही, आणि माझं जुनं प्लास्टिक ते विकत घेणार होते. मी म्हटलं, "पण त्याला उभी चीर गेलीय हो."

"असू द्या," ते म्हणाले, "ओरिजिनल आहे ना?"