नाश नोंदवही

दिवाळीच्या आवराआवरीचे मला कधीच भय वाटले नव्हते, कारण ती मी करीत नसे. परंतु तीन वर्षांपूर्वी माझे साडू ऐन दिवाळीच्या तोंडावर बडोद्यास आमच्याकडे मुक्कामाला आले, आणि दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरातली कागदांनी फुगलेली चार कपाटे पाहून त्यांचा चेहरा उजळला. साडूंची सारी नोकरी नगर जिल्ह्यातील एका पंचायत समितीच्या अभिलेख कक्षात गेली. 1980च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीच्या दप्तराला जी शिस्त लावली, ती ‘लखिना पॅटर्न’ या नावाने गाजली. साडू त्या शिस्तीत इतके मुरले आहेत की वाण्याकडे सामानाची यादी पाठवतानाही ते तिच्यावर जावक क्रमांक घालतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेव-उसळ संपताच त्यांनी कपाटे उघडली. “‘अ’ वर्ग म्हणजे कायम, ‘ब’ म्हणजे 30 वर्षे, ‘क’ म्हणजे 10, ‘क-1’ म्हणजे 5 आणि ‘ड’ म्हणजे एक वर्ष,” असे ते संध्या म्हणावी तसे म्हणाले. “मुदत संपली म्हणून कागद उचलून फाडला, असे चालत नाही. आधी यादी, मग कार्यालयप्रमुखांची मंजुरी, मग नाश. या घरात कार्यालयप्रमुख कोण?” मी बोट स्वतःच्या छातीकडे नेत होतो, तोवर त्यांनी मंजुरीचा कोरा कागद हिच्यासमोर ठेवलाही होता.

दस्तऐवज, जन्माचे दाखले आणि आमची विवाहपत्रिका ‘अ’ वर्गात गेली. (विवाहपत्रिकेविषयी हिने ‘ब’ सुचवून पाहिले होते.) खरा पेच पडला तो आजोबांच्या तीन रुमालांचा. आजोबा बडोदे संस्थानात कारकून होते. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, पण येताना लाल फडक्यात बांधलेले हे मोडीतील कागद ते बरोबर घेऊन आले. मोडी मला येत नाही, साडूंनाही येत नाही. ते कागद महाराजांच्या हुकुमाचे असू शकतात, तसेच धोब्याच्या हिशेबाचेही असू शकतात. साडूंनी बराच वेळ विचार केला आणि जे वाचता येत नाही ते कायम ठेवावे, असा निर्णय दिला. कित्येक सरकारी माळ्यांवरचा निम्मा ऐवज याच नियमाने टिकून राहिला असावा, अशी मला तेव्हापासून शंका आहे.

ज्या कागदाविषयी लेखापरीक्षणाचा आक्षेप शिल्लक असेल किंवा न्यायालयात वाद चालू असेल, तो मुदत संपली तरी नष्ट करता येत नाही, हेही मला त्या दिवशी कळले. त्यामुळे 1994 साली माझ्या बहिणीच्या लग्नात दिलेल्या चांदीच्या भांड्यांची यादी बचावली, कारण त्यातील एका ताम्हनाविषयीचा आक्षेप हिने अद्याप मागे घेतलेला नाही.

उरलेले सारे कागद एका जाड वहीत चढले. अनुक्रमांक, कागदाचा विषय, दिनांक, वर्ग, नाशाचा दिनांक आणि मंजुरीची सही, असे तिचे रकाने होते. सलग दोन दिवस साडू सांगत होते आणि मी लिहीत होतो. विजेच्या बिलांपाशी माझ्या बोटांना पेटके आले, तेव्हा त्यांनी मला पाच मिनिटांची किरकोळ रजा मंजूर केली. मग सर्व कागदांचे बारीक तुकडे करून ते रद्दीवाल्याच्या स्वाधीन झाले आणि चारांपैकी अडीच कपाटे रिकामी झाली.

गेल्या महिन्यात नोटीस आली. बडोद्याबाहेरच्या एका लहान नगरपालिकेच्या हद्दीत आमची एक खोली आहे; तिचा 2011-12चा वेरा, म्हणजे कर, बाकी असून तो व्याजासह 15 दिवसांत भरावा, असे तीत म्हटले होते. वेरा मी भरला होता, हे मला स्वच्छ आठवत होते, कारण त्या दिवशी रांगेत माझी छत्री गेली. खिडकीवरचे कारकून सौजन्याने म्हणाले, “पावती होय तो लेता आवो, नहितर भरी दो.” जुनी पुस्तके माळ्यावर आहेत, एकही टाकलेले नाही, परंतु कोणते कुठे आहे हे सांगता येणार नाही, असेही त्यांनी सांगितले. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा, असे माझ्या मनात आले. 2005च्या त्या कायद्याचे कलम 4 प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला आपले अभिलेख सूची करून लावून ठेवायला सांगते. मात्र अर्जाच्या उत्तराला मुदत 30 दिवसांची आणि माझ्या नोटिशीला 15 दिवसांची.

घरी येऊन मी उरलेली दीड कपाटे उपसली. पावती अर्थातच नव्हती. ‘क’ वर्गाची 10 वर्षे भरल्याने तिचा यथाविधी नाश झाला होता. साडूंना मनातल्या मनात बरेच काही बोलून झाल्यावर मी ती वही उघडली. अनुक्रमांक 213 समोर माझ्याच थकलेल्या अक्षरात लिहिले होते: “वेरा पावती, सन 2011-12, पुस्तक 14, पावती 62, रुपये 418, वर्ग क, नष्ट.”

वही घेऊन मी पुन्हा त्या खिडकीपाशी गेलो. कारकुनांनी ती नोंद दोनदा वाचली, शिपायाला माळ्यावर चढवले आणि “चौदा नंबर” असे खालून ओरडून सांगितले. दहा मिनिटांत धुळीसह पुस्तक खाली आले. 62 क्रमांकाची स्थळप्रत जागच्या जागी होती, तिच्यावर 418 रुपयांचा आकडाही होता. नोटिशीवर ‘रद्द’ असा शेरा पडला. कारकून मात्र बराच वेळ माझी वहीच चाळत बसले आणि शेवटी, तिच्या रकान्यांची झेरॉक्स काढून घेऊ का, असे त्यांनी मला विचारले.

ही आनंदाची वार्ता सांगण्यासाठी मी तेथूनच साडूंना फोन लावला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, “मूळ नोंदवही कार्यालयाबाहेर नेलीत? कोणाच्या मंजुरीने?”

घरी पोहोचल्यावर मी फोन पुन्हा लावला आणि तो कार्यालयप्रमुखांच्या हाती देऊन आतल्या खोलीत गेलो.