खोक्यावर 'हार्ड यूज', आतल्या कागदावर 'लाकूड फोडू नये'

"सर, तुम्ही त्याने लाकूड फोडलंत का?"

मोडलेल्या सुऱ्याची तक्रार केली, तर कस्टमर केअरचा हा पहिला प्रश्न. हो, फोडलं! मग काय करायचं होतं त्या सुऱ्याने, पाकिटं उघडायची? पातं २५ सेंटीमीटर लांब, पाठीकडे ६ मिलिमीटर जाड, वजन अर्ध्या किलोच्या वर. असला धूड कमरेला लटकवून माणूस रानात जातो तो नखं कापायला जात नाही. आणि खोक्यावर काय छापलंय? एक दाढीवाला गडी, हाच सुरा, समोर उभा ओंडका आणि उडणाऱ्या ढलप्या. खाली मोठ्या अक्षरात 'हार्ड यूज'. आतमध्ये मात्र घडी घातलेला एक कागद, त्यावर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: तोडणे, फोडणे, उचकटणे, पाठीवर ठोके मारणे यासाठी वॉरंटी लागू नाही. मग उरलं काय? म्यानात ठेवणं. तेही हळूच, दचकेल बिचारा.

झालं असं. तंबूतली दुसरी रात्र, दिवसभर पावसाची रिपरिप. पडलेली सगळी लाकडं वरून भिजलेली. अशा वेळी कोरडं लाकूड मिळतं ते ओंडक्याच्या पोटात, म्हणून ओंडका फोडावा लागतो. हौस म्हणून नव्हे, हात बधिर झालेले असतात म्हणून. मनगटाएवढा जाड ओंडका उभा केला, वर पातं आडवं ठेवलं आणि बाहेर आलेल्या टोकाकडे दुसऱ्या दांडक्याने ठोके द्यायला लागलो. गाठ नाही, दगड नाही, सरळ रेषांचं लाकूड. पहिला ठोका, दुसरा ठोका, तिसऱ्याला 'खट्' झालं आणि मूठ हातात, पातं ओंडक्यात. ते लाकडात रुतलेलं होतं म्हणून बरं. उसळून मांडीत शिरलं असतं तर हे लिहायला मी नसतो, आणि कस्टमर केअरने तेव्हाही हाच प्रश्न विचारला असता.

मोडलेलं तोंड मी बॅटरीच्या उजेडात बघितलं, घरी आल्यावर भिंगाखाली पुन्हा बघितलं. पातं मुठीत शिरताना जिथे एकदम अरुंद होतं, बरोब्बर तिथे मोडलं होतं. तो कोपरा कसा? गुण्या लावून काढावा तसा काटकोन. पत्र्याचा डबा बनवणाराही सांगेल की सगळा ताण अशा टोकदार कोपऱ्यात गोळा होतो, तिथे थोडी गोलाई ठेवायची असते. पण गोलाई ठेवली तर मुठीच्या पट्ट्या नीट बसवायला जरा जास्त काम पडतं ना!

आणि खरी गंमत पुढे आहे. मोडलेल्या भागाला दोन रंग. बहुतेक भाग ताजा, चमचमता. कोपऱ्याला लागून मात्र नखाएवढा डाग, काळपट तपकिरी. ताजं मोडलेलं पोलाद काळं नसतं. पातं लालबुंद तापवून झटकन थंड करतात, म्हणजे त्याला पाणी देतात, तेव्हा अशा कोपऱ्यातून चीर जाऊ शकते. मग पाणी उतरवायला, म्हणजे कडकपणा जरा कमी करायला, तेच पातं पुन्हा भट्टीत जातं आणि चिरेचं तोंड आतून काळवंडतं. म्हणजे हा सुरा माझ्याकडे आला तोच तडकलेला! मी मोडला नाही हो, उरलेला मोडला एवढंच. वर उरलेल्या भागाचे दाणे बघाल तर वाळूसारखे, खरखरीत. नीट पाणी दिलेलं पोलाद मोडलं तर तोंड करडं आणि मऊसूत दिसतं, दाणा डोळ्यांना दिसतच नाही. वाळू दिसली की समजायचं, भट्टीवरच्या माणसाचं लक्ष दुसरीकडे होतं आणि पोलाद जास्त तापलं.

हे सगळं फोटोसकट लिहून पाठवलं. उत्तर आलं, "सर, आमच्या पोलादाची हार्डनेस ६० रॉकवेल आहे."

अरे, हेच तर दुखणं आहे! कडक असणं वेगळं, चिवट असणं वेगळं. काच कडक असते, वेत चिवट असतो. काचेवर ओरखडा उठत नाही म्हणून तिने कुणी खिळा ठोकतं का? रॉकवेलची सी मोजणी म्हणजे हिऱ्याचं टोक १५० किलोच्या दाबाने पोलादात रुतवायचं आणि ते किती खोल गेलं ते बघायचं. बस. पोलाद किती दबतं तेवढं कळतं. ठोका बसल्यावर ते झेलतं की तडकतं याचा त्या आकड्याशी थेट संबंध नाही. उलट, एकच पोलाद घेतलं तर साधारणपणे कडकपणा चढवाल तसा चिवटपणा उतरतो. ठोका मोजायची वेगळी चाचणी आहे, शार्पी नावाची, शंभराहून जास्त वर्षं चालत आलेली. १० मिलिमीटर चौरस आणि ५५ मिलिमीटर लांब तुकडा घ्यायचा, मधोमध २ मिलिमीटरची खाच पाडायची, लंबकाला लावलेला हातोडा सोडायचा आणि तो तुकडा मोडायला किती ऊर्जा खर्ची पडली ते बघायचं. हा आकडा कधी कुठल्या खोक्यावर पाहिलात? मी तरी नाही पाहिला. ६०, ६१, ६२ मात्र सगळीकडे, परीक्षेतल्या मार्कांसारखे.

पोलाद कुठलं निवडलं? डी२. झकास पोलाद आहे, मी नाव ठेवत नाही. दीडेक टक्का कार्बन, बाराच्या आसपास टक्के क्रोमियम, त्यामुळे पोटात मोठमोठे कठीण कण, झिजता झिजत नाही. पण ते आहे डाय, म्हणजे पत्रा कापायचे-दाबायचे साचे, बनवायचं पोलाद. छोट्या घडीच्या चाकूत शोभून दिसतं. पण दणके खायच्या पाऊणफुटी पात्याला? तिथे ५१६० सारखं स्प्रिंगचं पोलाद हवं, ०.६ टक्के कार्बनचं, ज्याचा जन्मच धक्के खाण्यासाठी आहे. त्याला ५६-५७ रॉकवेलवर ठेवा, धार थोडी लवकर जाईल, जाऊ दे. धार लावता येते. मोडलेला सुरा कशावर घासू?

हा काही पहिला अनुभव नाही. त्याआधीचा एक होता, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मुठीत काडेपेटीतल्या काड्या आणि गळ, मुठीच्या टोपणात होकायंत्र. हसू नका, तेव्हा अक्कल नव्हती. त्या करवतीने लाकूड तर कापलं जात नाहीच, प्रत्येक दाता म्हणजे पोलादात पाडलेली एक खाच, आणि पाठीवर ठोका मारायला गेलं की दांडक्याचाच भुसा होतो. पातं मुठीत शिरलेलं जेमतेम दोन बोटं, नटाने आवळलेलं. पहिल्या फांदीलाच ते डुलायला लागलं. दुसऱ्याची रबरी मूठ फाटल्यावर कळलं की आत पातं नाहीच, पात्याला वेल्डिंग केलेली एक सळई आहे! मुठीच्या आत काय दडलंय ते घेणाऱ्याला दिसत नाही, हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आता येतील शहाणे, "दादा, सुरा म्हणजे कुऱ्हाड नव्हे." मान्य. मीही एकदा गाठीत अडकलेलं पातं आडवं पिळलंय आणि धारेचा टवका उडवलाय, ती चूक माझीच. जमिनीतल्या दगडावर हाणलं तर तेही माझंच पाप. सिमेंटच्या ठोकळ्यावर सुरे आपटणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. पण कुऱ्हाड नसेल तर त्याला कुऱ्हाडीचं वजन कशाला दिलंत? ६ मिलिमीटर जाडी काय कागद कापायला ठेवलीत? जाडी दाखवून मजबुतीचा आव आणायचा, आणि त्याच मजबुतीची मागणी केली की म्हणायचं, अयोग्य वापर!

माझ्याकडे एक जुनं पातं आहे, जेमतेम ३ मिलिमीटरचं, मशेटीच्या, म्हणजे झाडी तोडायच्या लांब कोयत्याच्या जातीचं, दिसायला अगदी गावंढळ. मऊ आहे. गाठीवर बसलं की धार वळते. वळते, तुटत नाही! कानस घेऊन पाच मिनिटं बसलं की पुन्हा कामाला तयार. वळलेली धार सरळ होते, पण टवका उडाला की तो खड्डा जाईपर्यंत सगळं पातं घासत बसा, अख्खा दिवस जातो. ते खोक्यात आलं नव्हतं, त्याच्यावर कुणी दाढीवाला नव्हता, आणि रॉकवेल किती ते त्याचं त्यालाही माहीत नसेल.

काल परत मेल आला. माझी तक्रार 'बंद करण्यात आली आहे', पण जुना ग्राहक म्हणून नव्या मॉडेलवर खास सवलत. नवं मॉडेल ७ मिलिमीटरचं आहे, ६२ रॉकवेल. सोबत फोटो. दाढीवाला तोच, ओंडका नवा.

फोटो मोठा करून पाहिला. मुठीपाशी तोच काटकोन.