बाल्कनीतला गहिवर

पंधरा दिवसांपूर्वी शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. सांगलीत आमच्या पेठेतल्या टॉकीजचं पत्र्याचं नाव उतरवलेलं, फाटकाला साखळी आणि आत, जिथं आम्ही सायकली लावायचो तिथं, वाळूचा ढीग. मालक जागा बिल्डरला देणार आहेत. खाली दुकानं, वर ऑफिसं. टॉकीजचं नाव इथं लिहीत नाही. मालक भला माणूस आहे आणि त्यांच्या डोक्याला आधीच पुरेसा ताप आहे.

ग्रुपमध्ये ताबडतोब दोन तट पडले. अटलांटा, दुबई, मेलबर्न आणि पुण्यातलं बाणेर एका बाजूला. सांगली, मिरज, कुपवाड दुसऱ्या बाजूला. आम्ही बाहेरचे ‘वारसा’, ‘अस्मिता’, ‘आपलं बालपण’ असं लिहीत सुटलो होतो, रडक्या इमोजींसकट. गावातले गप्प होते. शेवटी मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या मित्राने व्हॉइस नोट टाकली : “लेका, तू तिथं शेवटचा पिच्चर कधी बघितलास? बारावीला. मी एकोणीसच्या पुरानंतर आत गेलतो, मालकासंगट. खुर्च्यांच्या गाद्या फुगून वर आलत्या. वासानं आठ दिवस जेवण गेलं नाही. तू हेरिटेज हेरिटेज करतोयस, तो माणूस पंप लावून गाळ काढत होता.”

यावर मी अंगठा दाबला आणि फोन उलटा ठेवला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ ला पुन्हा पेठांत शिरली. दोन्ही वेळा मी इथं, अमेरिकेत अटलांटाजवळच्या अल्फारेटात, कॉफी पीत ते व्हिडिओ बघितले होते.

आयर्विन पूल १९२९ चा. त्याच वर्षी, नाताळच्या दिवशी, इथं अटलांटात पीचट्री रस्त्यावर फॉक्स थिएटर उघडलं. श्रायनर नावाच्या एका बंधुमंडळाने स्वतःसाठी अरबी थाटाची ही अवाढव्य इमारत बांधायला घेतली, पैसे पुरेनात म्हणून सभागृह विल्यम फॉक्स या सिनेमासम्राटाला भाड्याने दिलं. मुहूर्त असा की शेअर बाजार कोसळून दोन महिने झाले होते; १९३२ मध्ये इमारत कर्जापायी हातची गेली. पण आत पाऊल टाकाल तर आजही मान वर होते. ४,६०० हून जास्त खुर्च्या, भोवती किल्ल्याच्या भिंती आणि वर छत नाहीच, रात्रीचं निळं आभाळ : तारे लुकलुकतात, ढग सरकतात. सिनेमाआधी जमिनीतून एक ऑर्गन वर येतो, ३,६२२ नळ्यांचा, आणि अख्खं थिएटर त्याच्याबरोबर गाणी म्हणतं. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला आमच्याकडची चिल्लर आठवली. आवडतं गाणं लागलं की पिटातून पडद्यावर नाणी उडायची, आणि शो सुटल्यावर झाडूवाला ती टिपायचा.

हे सगळं १९७४ मध्ये जमीनदोस्त व्हायचं होतं. सदर्न बेल या टेलिफोन कंपनीला तिथं आपलं मुख्यालय हवं होतं. फॉक्स कसं वाचलं ही गोष्ट इकडचे लोक फार अभिमानाने सांगतात, आणि मीही भारतात गेलो की सांगतो. ‘बघा, तिकडे जुन्याची कदर असते.’ हे वाक्य मी किमान तीन लग्नांत बोललोय. ते अर्धं खोटं आहे. १९३९ साली ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ ज्या लोज ग्रँड थिएटरात झाला, तेही याच शहरातलं. १९७८ मध्ये त्याला आग लागली, मग ते पाडलं आणि आज तिथं एका कागद कंपनीचा टॉवर उभा आहे.

फॉक्स कदरीने वाचलं नाही, व्यवहाराने वाचलं. लोकांनी सह्या केल्या, मोर्चे काढले, ते झालंच. पण कंपनीला नुसतं ‘पाडू नका’ सांगून कोणी घरी गेलं नाही. अटलांटा लँडमार्क्स ही विनानफा संस्था उभी राहिली, बँकांकडून कर्ज काढलं, शेजारच्या जमिनीची अदलाबदल करून कंपनीला तिचं ऑफिस बांधायला जागा दिली आणि थिएटर १९७५ मध्ये स्वतःच्या नावावर केलं. १९७८ पर्यंत कर्ज फेडलं. मालकाला मोकळं केलं, मग वास्तूला हात लावला. आपल्याकडे क्रम उलटा. थिएटरच्या जागी दुसरं काही बांधायचं तर त्यात थिएटर ठेवा, ही अट मालकाच्या गळ्यात. ती काढा म्हणून थिएटरवाले कंठशोष करतायत. अट घालणारा दुरुस्तीला पैसा देत नाही. मग मालक कुलूप लावतो आणि पिंपळ उगवायची वाट बघतो.

या गोष्टीत आणखी एक माणूस आहे, आणि मला तोच सगळ्यात जास्त विचारात पाडतो. महापौर मेनार्ड जॅक्सन यांनी पाडकामाचा परवाना काही महिने रोखून धरला, म्हणून ही सगळी जुळवाजुळव करायला वेळ मिळाला. जॅक्सन हे अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्याच फॉक्समध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काळ्या प्रेक्षकांना तिकिटाची खिडकी वेगळी होती, आणि बाजूच्या गल्लीतून, इमारतीच्या बाहेरून, उघडा जिना चढून गॅलरीत जावं लागायचं. आतलं झुंबर, संगमरवर, गालिचे त्यांच्या वाटेत येतच नव्हते. हा वारसा नको म्हणायचा पहिला हक्क त्यांचा होता.

आमच्या टॉकीजलाही जिने दोन होते. वडील बँकेत, म्हणून आम्ही बाल्कनीत. हळदवाला मित्र खाली पिटात, पडद्यापासून चौथ्या बाकावर. इंटरव्हलला भडंगाच्या पुड्या घेऊन आम्ही सायकलींपाशी भेटायचो आणि घंटा झाली की आपापल्या दाराने आत. तुलना सरसकट करत नाही. तिथं कायदा रंग बघायचा, इथं तिकीटखिडकी खिसा बघायची (खिशाला आपल्याकडे जात माहीत असते, ते असो). पण ग्रुपवर उमाळे काढणारे आम्ही सगळे बाल्कनीतलेच निघालो, हे मी मोजून पाहिलं. खालच्यांच्या आठवणीत ढेकूण, उन्हाळ्यात बंद पडणारे पंखे आणि डोअरकीपरची बॅटरी आहे. त्यांना त्या इमारतीबद्दल काही वाटत नाही असं नाही. हळदवाल्याने थोरल्या पोराला पहिला सिनेमा तिथंच दाखवला. पण तो त्याबद्दल लिहीत बसत नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की टॉकीज ठेवायची की पाडायची, यात आम्हा परदेशस्थांचं मत मोजूच नये. मोजायची तर आमची वर्गणी मोजावी. आणि ठेवायची असेल तर म्युझियम म्हणून नको. फॉक्स आज चालतं ते ब्रॉडवेची नाटकं, गाण्याचे कार्यक्रम, लग्नसमारंभ आणि उन्हाळ्यातले जुने सिनेमे यांवर. इतकं चालतं की २००८ पासून त्यांची एक शाखा जॉर्जियातल्या लहान गावांच्या जुन्या थिएटरांना सल्ला आणि अनुदान देते. सांगलीला हे नवं नाही. १८४३ साली संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्यांच्या नावाचं नाट्यमंदिर गावात आहे आणि दर ५ नोव्हेंबरला तिथं भावे पदक दिलं जातं. ते टिकलं, कारण कोणीतरी दर महिन्याला वीजबिल भरतं. आमच्या टॉकीजमध्ये शाळांची संमेलनं, एकांकिका स्पर्धा, आठवड्याला एखादा मराठी सिनेमा, इतकं बसेल का? पुराच्या रेषेखाली खुर्च्या ठेवता येणार नाहीत, म्हणजे पिट मोकळाच सोडावा लागेल. सगळ्यांनाच वर बसावं लागेल. मला ही कल्पना फार आवडली.

तीच मी परवा ग्रुपवर मांडली. फॉक्सचा फोटो, कर्जाची गोष्ट, ट्रस्ट, सगळं लिहिलं. बाणेरने टाळ्या पाठवल्या, मेलबर्नने हृदय. हळदवाला मालकांशी बोलून आला. ते म्हणाले, बिल्डर जेवढे देतोय तेवढे द्या, सहा महिने थांबतो. मित्राने आकडा टाकला, खाली एक यादी सुरू केली. पहिलं नाव त्याचं स्वतःचं, पुढे एक लाख. दुसऱ्या ओळीवर माझं नाव, पुढे जागा मोकळी.

“किती लिहू?” त्याने विचारलंय. परवापासून त्या मेसेजवर निळी टिक आहे.