तिथं कुणाला कळतंय?

आज सकाळी एका आयोजकाचा फोन आला. गारगोटी, मुरगूड, कापशी, आजरा असा आमच्या पथकाचा दौरा ठरत आला होता, तो रद्द. कारण काय, तर "शाहीर, तालुक्याला पोवाडा कशाला? तिथं कुणाला कळतंय? डीजे लावतो, पब्लिक खूश."

फोन ठेवला, पण डोकं अजून शांत नाही.

कुणाला कळतंय ते मी सांगतो. मागच्या नवरात्रात कापशीकडच्या एका गावात कार्यक्रम होता. परतीचा पाऊस चिकोत्रा खोऱ्यात मुक्काम ठोकून बसलेला. ओलाव्यानं डफाचं कातडं पार ढिलं पडलं, थाप मारावी तर नुसतं भद्द. गण कसाबसा उरकला, तेवढ्यात मागच्या अंधारातून एक म्हातारा उठून आला. "शाहीर, आणा हिकडं." गावचे हलगीवाले मामा. देवळामागं वळचणीखाली सुकं पाचट पेटवून डफ जाळावर फिरवायला लागले. "मधी धरायचं न्हाई, कडंकडंनं फिरवायचं. मधी भाजलं की कातडं फुटतंय." मध्येच डफ कानाशी न्यायचे, टिचकी मारायचे, मान हलवायचे, पुन्हा जाळावर. हातात परत दिला तेव्हा डफ टणटण बोलत होता.

आणि म्हणे तिथं कळत नाही!

ज्या गारगोटीत स्वातंत्र्यलढ्यात, १३ डिसेंबर १९४२ ला, सरकारी कचेरीवरच्या हल्ल्यात सात जण हुतात्मा झाले, तिथल्या माणसांना पोवाडा कळत नाही? सोंगी भजनाला रात्र रात्र बसणारी ही गावं. सोंग चुकलं, ताल सुटला, तर तोंडावर सांगणारी. शहरात एसी हॉलमध्ये पहिल्या रांगेतले पाहुणे सत्कार उरकला की उठून जातात, ते मात्र रसिक!

डीजेवर पोरं नाचतात, मान्य. त्यांनी नाचावंही. पण जत्रेच्या सगळ्या वर्गणीचा धूर एका रात्रीत भिंतीएवढ्या स्पीकरमधून काढायचा आणि शाहिराला म्हणायचं "चहापाण्याचं बघू", हे कुठलं?

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री जळालं, तेव्हा सगळं कोल्हापूर रडलं. मीही रडलो. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं थिएटर, काळीज तुटणारच. पण गावोगाव आम्ही उसाच्या ट्रॉलीवर उभं राहून गातो, बाया शेणामातीत पोतं टाकून बसतात, त्याचं कुणाला काही वाटलंय का कधी? ज्या कोल्हापूरनं लहरी हैदर, पिराजीराव सरनाईक असे शाहीर दिले, त्या जिल्ह्यात ही तऱ्हा.

त्या रात्री मामांना म्हटलं, "पुढं बसा." आले नाहीत. का आले नाहीत ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. चपलांच्या ढिगापलीकडं, देवळाच्या कट्ट्याला टेकून बसले. दुसऱ्या पोवाड्याला मी वरच्या सुरात चढलो आणि मागून झील आली, "जी जी रं जी जी". आमच्या झीलकऱ्यांच्याही आधी, नेमकी समेवर. गर्दीनं माना वळवून बघितलं. नंतर विचारलं, "मामा, जत्रंत वाजवता का अजून?" तर म्हणाले, "आता डीजे असतोय. मला मयताला बोलावत्यात."

हे आठवलं की राग पण जातो हो. नुसतं वाईट वाटत राहतं.

तर आयोजकसाहेब, दौरा मी रद्द करत नाही. दिवाळीनंतर निघतोय. कापशी भाग, आजरा, चंदगड, जिथं पार असेल तिथं उभा राहीन. मामांशी बोलणं झालंय, ते हलगी घेऊन येणार, आणि मागं नाही, पथकाबरोबर मधोमध उभे राहणार. त्यांचं मानधन माझ्याएवढंच असेल. ज्या गावाला हे चालत असेल त्यांनी तारीख कळवा. ज्यांना मामा मधोमध उभे राहिलेले चालत नसतील, त्यांनी फोन करू नका.